बारदान, गहू आणि बावीस हजार कैदी

चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थखात्याची सूत्रं हाती घेतली ती १९५० च्या जूनच्या पहिल्या तारखेला. रोह्याला बालपण गेलेला, आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिला आलेला, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झालेला हा माणूस मुळात राजकारणी नव्हता. नव्या खुर्चीत महिनाही पुरा झाला नसताना, २५ जूनच्या रविवारी पहाटे, उत्तर कोरियाचं सैन्य ३८ व्या अक्षांशाची रेषा ओलांडून दक्षिणेत घुसलं. मुंबईहून सोल साडेपाच हजार किलोमीटरांवर. भारताची तिथे ना वखार, ना वसाहत, ना नाव घेण्यासारखा व्यापार. तरी पुढची साडेतीन वर्षं देशमुखांच्या अंदाजपत्रकाचे आकडे, रेशनच्या दुकानातलं माप, विदर्भातल्या खाणींचा खडखडाट आणि नेहरूंचा पत्रव्यवहार त्या लढाईच्या तालावर हलत राहिला.

कोरियन युद्धातल्या भारताविषयी लिहिताना आपल्याकडे नेहरू आणि संयुक्त राष्ट्रांतले भारताचे प्रतिनिधी कृष्ण मेनन यांच्या भाषणांपासून सुरुवात होते. मी बारदानापासून करतो. लढाई भारतात आली ती त्याच वाटेने.

मोर्चाबांधणीला वाळूची पोती लागतात, सैन्याच्या धान्याला पोती लागतात, आणि तिसरं महायुद्ध उंबरठ्यावर आहे अशा भीतीने जगभरचे खरेदीदार साठे करू लागले की त्या साठ्यांनाही पोती लागतात. जगाची पोती त्या काळी हुगळीकाठच्या गिरण्यांत शिवली जात. अडचण एवढीच, की गिरण्या पश्चिम बंगालमध्ये राहिल्या होत्या आणि ताग पिकवणारी शेतं फाळणीने पूर्व पाकिस्तानात गेली होती. त्यात सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचं अवमूल्यन केलं, भारताने पाठोपाठ रुपया उतरवला, पाकिस्तानने मात्र साफ नकार दिला. त्यांचे शंभर रुपये म्हणजे आपले एकशेचव्वेचाळीस. हा दर मान्य करायचा नाही, असा दिल्लीचा हट्ट. मग व्यापारच ठप्प. कलकत्त्यात गिरण्या कच्च्या मालासाठी तळमळत होत्या आणि ढाक्याकडे ताग पडून होता.

हा हट्ट कोरियाने मोडला. तागाला जगभर गिऱ्हाईक मिळू लागल्यावर पाकिस्तानला भारताची गरज कमी आणि भारताला पाकिस्तानच्या तागाची गरज जास्त, असं पारडं फिरलं. फेब्रुवारी १९५१ मध्ये करार झाला आणि भारताने पाकिस्तानी रुपयाचा दर निमूटपणे मान्य केला. दोन शेजाऱ्यांचं भांडण तिसऱ्याच्या घरच्या आगीने मिटलं.

गोणपाटाच्या परदेशातल्या भावात आणि देशातल्या नियंत्रित भावात एवढं अंतर पडलं की मधला पैसा दलालांच्या खिशात चालला. देशमुखांनी तो अडवला. तागाच्या कापडावरचा निर्यात कर टनाला ८० रुपये होता. तो ३५० झाला, मग ७५०, मग १५००. महागाई देशात शिरू द्यायची नाही आणि नफा तिजोरीत आणायचा, असा हा दुहेरी डाव होता आणि सुरुवातीला तो बिनचूक लागला. आयात-निर्यातीची पुस्तकं पाहा. १९५०-५१ मध्ये निर्यात ६०६ कोटी, आयात ६०८ कोटी. स्वतंत्र भारताचा व्यापार जवळजवळ समतोल. असं चित्र पुढे क्वचितच दिसलं. पुढच्या वर्षी निर्यात ७१६ कोटींवर गेली. यातून जे डॉलर आले ते मात्र थेट दिल्लीच्या हाती नव्हते. भारत स्टर्लिंग गटात होता आणि गटातल्या देशांची डॉलरची कमाई लंडनच्या सामायिक गंगाजळीत जमा होई. कलकत्त्याच्या पोत्यांनी लंडनलाही हात दिला, असं म्हणायला हरकत नाही.

चूक झाली ती उतरणीवर. १९५१ च्या वसंतानंतर जागतिक भाव घसरू लागले. युद्ध रेंगाळलं होतं, वाटाघाटी सुरू झाल्या होत्या, साठे भरले होते. कर मात्र १५०० वरच. तो अर्ध्यावर आला फेब्रुवारी १९५२ मध्ये, आणि २७५ वर मे महिन्यात. तोवर परदेशी गिऱ्हाइकांना कागदी पिशव्यांची सवय लागायला सुरुवात झाली होती. चढत्या भावाचा कर लावायला जेवढी चपळाई दाखवली तेवढी उतरवताना दाखवली नाही, हा दोष देशमुखांसारख्या काटेकोर माणसाच्याही पदरात घालावाच लागतो. तिजोरीला एकदा चटक लागली की ती सुटत नाही. १९५२-५३ मध्ये निर्यात ५७८ कोटींवर येऊन आपटली.

तागाची गोष्ट बंगालची. विदर्भाची गोष्ट मँगनीजची. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने रामटेककडे वळण्याआधी मनसर लागतं. तिथली आणि शेजारच्या कांद्रीची खाण, भंडाऱ्याकडची चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, पुढे बालाघाट, असा हा काळ्या दगडाचा पट्टा आहे. मँगनीजशिवाय चांगलं पोलाद होत नाही, आणि पोलादाशिवाय रणगाडा होत नाही. अमेरिकेच्या भट्ट्यांना महायुद्धानंतर सोव्हिएत मँगनीज मिळत होतं; शीतयुद्ध तापल्यावर मॉस्कोने तो पुरवठा आवळला. अमेरिकेची नजर मध्य प्रांताकडे वळली आणि कोरियाने मागणी आणखी वर नेली. खाणी तेव्हा एका ब्रिटिश कंपनीच्या हाती होत्या. उन्हात बसून हाताने दगड निवडणाऱ्या बायाबापड्यांना आपण कुणाच्या लढाईला हातभार लावतोय याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं. आज ज्या सरकारी कंपनीचं मुख्यालय नागपुरात आहे त्या ‘मॉइल’चं मूळ याच खाणींत. अलिप्त भारताचा दगड अशा रीतीने एका बाजूच्या तोफांत वितळत होता, आणि ते बंद करावं असं दिल्लीत कुणी गांभीर्याने म्हणाल्याचं दिसत नाही. म्हणणं परवडलंही नसतं.

गोव्याकडे ओझरतं पाहून पुढे जाऊ. गोवा तेव्हा पोर्तुगालचा, म्हणजे नाटो गटातला. अमेरिकी सैन्याच्या खरेदीने जपानचे कारखाने पुन्हा धडधडू लागले, त्यांना लोहखनिज हवं होतं. १९५१ मध्ये चौगुल्यांनी जपान्यांशी करार केला आणि शिरगावच्या खाणीत यंत्रं आली. मांडवी-जुवारीतल्या बार्जांचा जमाना इथून सुरू होतो.

आता दुसरी बाजू. निर्यातीच्या भावाबरोबर सगळेच भाव चढले. ऑगस्ट १९३९ ला शंभर धरलेला घाऊक किमतींचा निर्देशांक युद्ध सुरू झालं तेव्हा ३९५ च्या आसपास होता. एप्रिल १९५१ मध्ये तो साडेचारशेच्या पुढे गेला. सराफ्यात, तेलबियांत, कापसात सट्टा रंगला. गंमत म्हणजे नेमक्या तेजीच्या तोंडावर, १९५० च्या ऑगस्टच्या मध्यापासून, मुंबईच्या गिरणगावात बोनससाठी संप सुरू होता आणि तो सुमारे दोन महिने चालला. जगाला कापड हवं होतं आणि परळ-लालबागचे भोंगे गप्प होते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर १९५१ मध्ये बँक दर तीन टक्क्यांवरून साडेतीनवर नेला. १९३५ पासून त्याला कुणी हात लावला नव्हता. त्यानंतरच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये वायदेबाजार धाडकन कोसळला.

पण सामान्य माणसाला बँक दर कळत नव्हता, रेशन कळत होतं. १९५० हे वर्षच वाईट गेलं. १५ ऑगस्टला आसामात महाभयंकर भूकंप, ठिकठिकाणी पूर, बिहारात अवर्षण. जानेवारी १९५१ मध्ये माणशी रोजचं धान्य १२ औंसांवरून ९ औंसांवर आणलं गेलं. नऊ औंस म्हणजे अडीचशे ग्रॅमच्या आसपास. अंगमेहनत करणाऱ्या माणसाने यावर दिवस काढायचा. बाहेरून धान्य आणावं तर युद्धामुळे जहाजांची भाडी भडकलेली. त्या वर्षी भारताने सुमारे ४७ लाख टन धान्य आयात केलं. तागाने मिळवलं ते गव्हाने नेलं, असा हिशेब मांडला तर फार चुकणार नाही.

आणि इथेच अर्थकारण आणि परराष्ट्रनीती यांचे धागे एकमेकांत अडकतात. डिसेंबर १९५० च्या मध्याला वॉशिंग्टनमध्ये भारताच्या राजदूत विजयालक्ष्मी पंडित (रणजित पंडितांशी लग्न झाल्यामुळे मराठी घराची सून) यांनी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन अॅचेसन यांच्याकडे २० लाख टन धान्याची मागणी घातली. याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता. चिनी फौजा यालू नदी ओलांडून उतरल्या होत्या, अमेरिकी सैनिक गोठलेल्या डोंगरांतून माघार घेत होते, आणि संयुक्त राष्ट्रांत भारत चीनशी बोला, चीनशी बोला, असा धोशा लावून बसला होता. १ फेब्रुवारी १९५१ ला चीनला आक्रमक ठरवणारा ठराव आमसभेत आला. भारताने विरोधात मत दिलं. त्या बाजूला सोव्हिएत गटाशिवाय जवळजवळ फक्त ब्रह्मदेश होता. ज्याच्याकडे धान्य मागायचं त्याच्याविरुद्ध, त्याच्या मुलांची प्रेतं घरी येत असताना, मतदान करायचं. हे धैर्य होतं की हेकेखोरपणा, यावर तेव्हाही दिल्लीत एकमत नव्हतं.

अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी १२ फेब्रुवारीला अमेरिकी काँग्रेसला मदतीची शिफारस केली. मग विधेयक रेंगाळलं. कुणी म्हणे भारत कृतघ्न आहे, कुणी म्हणे गव्हाच्या बदल्यात मोनाझाइट द्या. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या त्या काळसर वाळूत थोरियम असतं आणि अणुऊर्जेच्या नव्या युगात तिचं मोल सोन्यासारखं झालं होतं. भारताने तिची निर्यात बंद केली होती आणि ती भुकेपोटी उघडायची नाही, असं नेहरूंनी ठरवलं. दरम्यान सोव्हिएत गहू आणि चीनचा तांदूळ भारतीय बंदरांत येऊ लागला. अमेरिकेच्या तुलनेत प्रमाण किरकोळ, पण वेळ अचूक साधलेली. वॉशिंग्टनमधल्या चर्चेला त्यामुळे वेग आला. १५ जूनला ट्रुमन यांनी कायद्यावर सही केली: १९ कोटी डॉलर, देणगी म्हणून नव्हे, कर्ज म्हणून. काही अमेरिकी सदस्यांना देणगी द्यायची होती. शेवटी कर्ज झालं हे दिल्लीला मनातून बरंच वाटलं असावं, कारण कर्जदार मिंधा नसतो, निदान कागदावर तरी. पुढे त्या कर्जाच्या व्याजातला काही भाग भारतीय विद्यापीठांच्या ग्रंथालयांना अमेरिकी पुस्तकं देण्यावर खर्च झाला.

या प्रकरणात भारत नमला नाही असं एक वाचन आहे. दुसरं वाचन असं, की ३० कोटींवर लोकसंख्येचा देश म्हणून भारताला उपाशी सोडणं अमेरिकेला परवडणारं नव्हतं, म्हणून भारताला ताठ राहता आलं. मला दुसरं जास्त पटतं. शेजारच्या सिलोनकडे पाहा. युद्धाने रबराचे भाव चढवले आणि उतरवले, तांदूळ महाग झाला, अमेरिका दोन्हीत सवलत देईना. १९५२ मध्ये सिलोनने चीनशी करार केला: वर्षाला ५० हजार टन रबर द्यायचं, २ लाख ७० हजार टन तांदूळ घ्यायचा, पाच वर्षं. हे करणारं सरकार साम्यवादी नव्हतं, उलट डाव्यांना पाण्यात पाहणारं होतं. तरी साम्यवादी देशांना लष्करी उपयोगाचा माल विकणाऱ्यांची मदत तोडणाऱ्या अमेरिकी कायद्यावर बोट ठेवून त्याची मदत रोखली गेली. भारतावरही तीच वेळ १९५३ मध्ये येऊन गेली. मुंबईहून पोलंडच्या जहाजावर चीनसाठी सुमारे एक टन थोरियम नायट्रेट चढलं आणि वॉशिंग्टनमध्ये बोंब उठली. कायद्याप्रमाणे सगळी मदत थांबायला हवी होती. शेवटी अमेरिकेनेच भारताचं थोरियम नायट्रेट विकत घ्यायचं ठरवून पळवाट काढली. कायदा एकच, पण छोट्या देशाला एक न्याय आणि मोठ्याला दुसरा.

मुत्सद्देगिरीतला सर्वात नाट्यमय प्रसंग त्याआधीचा. २ ऑक्टोबर १९५० च्या मध्यरात्री पेकिंगमध्ये भारताचे राजदूत सरदार पणिक्कर यांना झोपेतून उठवून पंतप्रधान चाऊ एन-लाय यांच्याकडे बोलावलं गेलं. चाऊंचा निरोप सरळ होता: अमेरिकी सैन्याने ३८ वा अक्षांश ओलांडला तर चीन युद्धात उतरेल. तो दिल्लीमार्गे लंडन आणि वॉशिंग्टनला पोचला. वॉशिंग्टनने मानला नाही. पणिक्कर चीनच्या बाजूला झुकलेले आहेत, त्यांचं काय ऐकायचं, असा तिथला सूर होता. त्याच महिन्यात चिनी फौजा कोरियात शिरल्या. निरोप्या खरा होता. त्याची पत नव्हती. तटस्थ देशाची माहिती नेमकी त्याच्या तटस्थपणामुळे अविश्वसनीय ठरते, हा त्या व्यवहारातला पेच आहे. शिवाय पणिक्करांचं दुसरं अपयश याच दिवसांतलं: ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चिनी सैन्य तिबेटमध्ये चाम्दोवर चालून गेलं, आणि दूरच्या कोरियाचा अचूक अंदाज सांगणाऱ्या दूतावासाला घराच्या मागच्या दारातली हालचाल वेळेवर दिसली नाही.

भारताने सैन्य पाठवलं नाही, डॉक्टर पाठवले. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांचं ६० वं पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स पथक नोव्हेंबर १९५० मध्ये पुसानला उतरलं. प्योंगयांगमधून माघार घेताना वैद्यकीय सामान टाकून निघायची पाळी आली, तेव्हा या लोकांनी एक बेवारस वाफेचं इंजिन शोधलं, बादल्यांची रांग लावून त्यात पाणी भरलं आणि सामानासकट गाडी हाकत दक्षिणेला नेली. मार्च १९५१ मध्ये तेच अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर मुन्सानला आकाशातून उतरले. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. भारत नुसता उपदेश करतो, या अमेरिकी टोमण्याला या तीन-चारशे माणसांनी दिलेलं उत्तर माझ्या मते संयुक्त राष्ट्रांतल्या कुठल्याही भाषणापेक्षा वजनदार होतं.

युद्धविराम अडला होता कैद्यांवर. परत जायचं नाही म्हणणाऱ्या कैद्यांना बळाने पाठवायचं का? कृष्ण मेनन यांनी यावर तोडगा लिहिला आणि ३ डिसेंबर १९५२ ला आमसभेने तो ५४ विरुद्ध ५ मतांनी मंजूर केला. विरोधातली पाच मतं सोव्हिएत गटाची. सोव्हिएत प्रतिनिधी व्हिशिन्स्की मेननांवर इतके तुटून पडले की दिल्ली अमेरिकेची बाहुली आहे असं ऐकून घ्यावं लागलं. ज्यांच्या बाजूचे म्हणून वर्षभर शिव्या खाल्ल्या, त्यांच्याच शिव्या आता. मार्च १९५३ मध्ये स्टालिन गेले, वारा फिरला, आणि २७ जुलैच्या युद्धविरामात मेननांच्या मसुद्याचा सांगाडा दिसू लागला.

या सांगाड्यावर मांस चढवायचं काम भारतीय जवानांच्या गळ्यात पडलं. कैद्यांसाठी नेमलेल्या पाच तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या. कैद्यांचा ताबा घेणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. दोघांची जुनी ओळख: १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगावच्या लढाईत एकाच ब्रिगेडमध्ये दोघे आपापल्या पलटणी घेऊन लढले होते आणि दोघांनाही डी.एस.ओ. मिळाला होता. आता काम लढायचं नव्हतं, लढू न द्यायचं होतं. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतावर एवढे खवळले होते की एकाही भारतीय जवानाचा पाय आपल्या भूमीला लागू देणार नाही म्हणाले. मग इंचॉनला आलेल्या जहाजांवरून पाच-सहा हजार जवानांना अमेरिकी हेलिकॉप्टरनी उचलून निर्लष्करी पट्ट्यात नेऊन ठेवलं. तिथे भारतीय तळाला नाव पडलं ‘हिंदनगर’.

ताब्यात २२ हजारांवर कैदी चीन-उत्तर कोरियाच्या बाजूचे, साडेतीनशेच्या आसपास संयुक्त राष्ट्रांच्या बाजूचे. छावण्यांत कैद्यांच्याच टोळ्यांचं राज्य होतं. परत जायचं म्हणणाऱ्याचा जीव धोक्यात. सप्टेंबरच्या अखेरीस चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना कुंपणाच्या आत ओढून धरलं. बाहेर बंदुका सज्ज होत्या, पण गोळी चालली असती तर ग्रेवालही गेले असते आणि शेकडो कैदीही. थोरात स्वतः मोजक्या माणसांसह आत गेले, जमावाशी बोलत राहिले आणि ग्रेवालना घेऊन बाहेर आले. या कामगिरीसाठी त्यांना अशोक चक्र, वर्ग दोन, मिळालं. ऑक्टोबरमध्ये मात्र गोळीबार टळला नाही, काही कैदी मेले. प्रत्येक कैद्याला त्याच्या देशाच्या प्रतिनिधींनी समजावून सांगायचं होतं. त्यासाठी नव्वद दिवस ठेवले होते, प्रत्यक्षात काम चाललं मोजकेच दिवस. जानेवारी १९५४ मध्ये थिमय्यांनी उरलेले कैदी ज्यांच्याकडून आले त्यांच्याकडे परत केले. दोन्ही बाजू नाराज. थिमय्या-थोरातांना ते अपेक्षितच होतं.

या सगळ्या उपद्व्यापाचं राजकीय फळ काय? ऑगस्ट १९५३ मध्ये कोरियाच्या शांतता परिषदेत भारताला जागा द्यावी का, यावर मतं घेतली गेली. बाजूने २७, विरोधात २१, तटस्थ ११. दोन तृतीयांश होत नव्हते. भारताने नाव मागे घेतलं. विरोधाचं नेतृत्व अमेरिकेचं. कैदी सांभाळायला भारत चालला, टेबलावर बसायला नाही. मे १९५४ मध्ये अमेरिका-पाकिस्तान लष्करी मदतीचा करार झाला. पाकिस्ताननेही कोरियात एकही सैनिक पाठवला नव्हता; त्याने योग्य वेळी योग्य मान डोलावली एवढंच, आणि ताग-कापसाच्या तेजीत चांगलं कमावलं. त्या करारातून आलेल्या शस्त्रांची चिंता देशमुखांच्या पुढच्या अंदाजपत्रकांना करावी लागली.

एक हिशेब मात्र शेवटपर्यंत भारताकडेच राहिला. ना उत्तर, ना दक्षिण, ना चीन, ना तैवान, आम्हाला तटस्थ देशात जायचंय, असं म्हणणारे ८८ कैदी होते. ७६ कोरियन, १२ चिनी. थोरातांचं दल परतलं तेव्हा फेब्रुवारी १९५४ मध्ये तेही मद्रासला उतरले. चोई इन-हून या कोरियन लेखकाने १९६० मध्ये अशाच एका कैद्यावर ‘चौक’ ही कादंबरी लिहिली. तिचा नायक वाटेतच समुद्रात उडी घेतो. खरे कैदी पोचले, आणि त्यांना दिसला तो नुकत्याच दुष्काळातून सावरलेला, निर्वासितांनी भरलेला, आपल्याच माणसांना काम देऊ न शकणारा देश. तटस्थ म्हणून त्यांनी निवडलेल्या या देशातही ते फार काळ रमले नाहीत. बहुतेकांनी काही वर्षांत ब्राझील आणि अर्जेंटिनाची वाट धरली. मोजके इथे राहिले, धंद्याला लागले.